विटांची पिशवी

कारखान्यात तिला सगळे वहिनी म्हणत. साहेब म्हणत, मालगाडीवरचे हमाल म्हणत, तिच्याहून वयाने मोठ्या बायकाही म्हणत. कारखाना एकच वस्तू बनवायचा. पूर, आग, भूकंप असल्या वेळी घरदार सोडून पळणाऱ्या माणसांनी बरोबर न्यायचं खाणं. पीठ, घट्ट तेल आणि भरपूर साखर एकत्र मळून यंत्राखाली दाबायची, चौकोनी वडी पाडायची आणि हवा काढून चंदेरी पाकिटात बंद करायची. पाकीट तळहातावर मावायचं, पण एका माणसाचा दिवस त्यावर निघायचा. शिजवायला नको, तापवायला नको, वर्षानुवर्षं खराब व्हायचं नाही. कामगार त्याला ‘वीट’ म्हणत.

वहिनीचं काम पाकिटं तपासण्याचं. पाकीट पाण्याच्या टाकीत बुडवून दाबायचं. बुडबुडा आला की ते बाद. बाद माल कामगारांनी घरी नेला तर कुणी हटकत नसे. वहिनीने तसा नेऊन नेऊन, पुन्हा नीट गुंडाळून, घरात दाराच्या खुंटीला एक पिशवी भरून ठेवली होती.

तिच्या नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. बाजारात त्यांना चष्मेवाले म्हणूनच ओळखत. माणूस गमत्या. येणाऱ्याजाणाऱ्याला ती पिशवी दाखवून म्हणायचे, “लोकांच्या बायका माहेराहून काहीबाही आणतात, आमची कारखान्यातून विटा आणते. एक दिवस वर माडी चढवू.”

त्यांनी स्वतः मात्र वीट कधी चाखली नव्हती. लहानपणापासून त्यांना मधुमेह होता, आणि तोही गोळ्यांनी भागणारा नव्हे. जेवणाआधी इन्सुलिनची सुई ठरलेली. लग्न होऊन आल्यापासून वहिनीने डोळ्यांत तेल घालून त्यांचं पथ्य सांभाळलं होतं. साखरेचा डबा कुलपात. कुणाच्या घरी गेलं तर त्यांच्या बशीतला गोड पदार्थ तिच्या बशीत. सासूबाई म्हणायच्या, “माझ्या हाती असता तर कधीच गेला असता. सुनेने जगवला.” हे त्या चारचौघांत म्हणायच्या, आणि वहिनीला ते ऐकायला आवडायचं.

त्या वर्षी गावामागचा डोंगर पेटला. सुरुवातीला कुणी फारसं मनावर घेतलं नाही. दूरवर धूर दिसायचा, संध्याकाळी कडा लाल व्हायची, लोक गच्चीवर उभे राहून बघायचे. मग एका सकाळी वारा फिरला. अंगणात राख पडायला लागली आणि भोंग्याची गाडी गल्लीगल्लीतून ओरडत गेली, की सगळ्यांनी ताबडतोब चौकात या.

वहिनीने खुंटीवरची पिशवी खांद्याला लावली. चष्मेवाल्यांनी फ्रीजमधलं सगळं इन्सुलिन बर्फाच्या मोठ्या डब्यात भरलं. सासूबाईंना दोघांनी मधे धरून चालवत आणलं. चौकात ट्रक उभा होता आणि गळ्यात शिट्टी अडकवलेला एक माणूस लोकांना वर चढवत होता. तरुणच होता, घसा बसला होता त्याचा.

“दर घरामागे एकच पिशवी. हलकं असेल तेच,” तो सांगत होता. “डबे, पेट्या इथे खाली ठेवा, नावाची चिठ्ठी लावा. सामानाची गाडी आमच्या मागोमाग येतेय.”

“अहो दादा, यात औषध आहे,” चष्मेवाले म्हणाले.

“काका, तुमच्या डब्याच्या जागेत एक म्हातारी बसते. सांगा, काय करू?”

चष्मेवाल्यांनी वहिनीकडे पाहिलं. “पिशवी मागून येऊ दे. डबा जवळ असलेला बरा.”

वहिनीच्या डोक्यात तेव्हा कारखान्याच्या भिंतीवरची पाटी होती, की संकटात पहिलं हाताशी अन्न हवं. आणि गाडी तर मागोमाग येणारच होती. ती म्हणाली, “तासाभराचा प्रश्न आहे. बर्फ तोवर विरघळत नाही. खिशात तुमचं इन्सुलिनचं पेन आहे ना?”

“आहे थोडंसं.”

“मग झालं तर.”

त्यांनी डबा ढिगावर नीट सरळ ठेवला, चिठ्ठी लावली आणि ट्रकमध्ये चढले.

ट्रकने त्यांना घाटापलीकडच्या एका शाळेत सोडलं. भोवती सगळं उघडं माळरान, म्हणून जागा सुरक्षित. पण सामानाची गाडी आली नाही. दुपारनंतर आगीने घाट ओलांडला आणि पुढच्या रस्त्याकडेचं जंगलही धरलं. शाळा मधल्या मधे अडकली. फोनचा मनोरा जळाला, त्यामुळे फोनही मुके. शाळेच्या मुख्याध्यापिका तेवढ्या तिथे होत्या. त्यांनी वर्ग उघडून दिले, सतरंज्या अंथरल्या, टाकीतलं पाणी जपून वापरायला सांगितलं. खाण्याचं विचारलं तेव्हा सगळे एकमेकांची तोंडं पाहू लागले. घाईत कुणी कपडे आणले होते, कुणी कागदपत्रं, एकाने तर भिंतीवरचं घड्याळ आणलं होतं.

वहिनीने पिशवी पुढे केली.

त्या दिवसापासून अख्ख्या शाळेने तिच्या विटा खाल्ल्या. विटेवर खाचा असत, त्यांवरून मोडलं की सारखे चौकोन पडत. मुख्याध्यापिका ते मोडून वाटत. लहान मुलं लगेच तुटून पडली. म्हाताऱ्यांना पाण्यात कुस्करून द्यावं लागलं. “वहिनी, तुम्ही होतात म्हणून,” असं लोक येऊन येऊन सांगत होते. चष्मेवाले कोपऱ्यात बसून खिशातल्या बारीक पेचकसाने लोकांचे ढिले झालेले चष्मे घट्ट करून देत होते. “माडीचं स्वप्न गेलं,” ते म्हणाले. “विटा लोकांनीच खाल्ल्या.”

पेनातलं औषध त्याच संध्याकाळी संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्याध्यापिकांनी प्रत्येक वर्गात जाऊन विचारलं, की कुणाकडे इन्सुलिन आहे का. एका आजोबांकडे मधुमेहाच्या साध्या गोळ्या निघाल्या. त्यांनी अर्धी पट्टी कापून दिली. गोळ्यांनी यांचं भागत नाही हे वहिनीला पक्कं ठाऊक होतं, तरी तिने त्या दोन्ही हातांनी घेतल्या.

मग तिने आपल्या मनाशी सरळ विचार केला. औषध नाही, तर साखर वाढू द्यायची नाही. पोटात गेलंच नाही तर वाढेल कशी? विटेत दुसरं आहे काय, पीठ आणि साखरच. गाडी येईपर्यंत यांना नुसतं पाणी द्यायचं. आजवर पथ्यावरच तर माणूस टिकवला होता.

“अगं, एक चौकोन,” चष्मेवाले दुपारी म्हणाले. “इतकी वर्षं वास घेतोय. नुसती चव.”

“डबा आला की देते. चौकोन काय, अख्खी वीट देते.”

“साक्षीदार आहेत हं इथे,” ते म्हणाले आणि भिंतीला टेकले. त्यांचे ओठ सुकले होते. पाणी मागून मागून पीत होते आणि सारखे उठून बाहेर जाऊन येत होते.

सासूबाईंना ते बघवेना. त्यांच्यासमोर अर्धवट कुस्करलेल्या विटेची वाटी होती. “परक्यांची पोरं पोटभर खातात, आणि माझा लेक त्याच खोलीत उपाशी,” त्या म्हणाल्या. “कोणतं पथ्य गं हे?”

“आई, तुम्हाला कळत नाही का? विष आहे ते त्यांना.”

“भुकेने माणूस मरतो हे मला कळतं.”

“आई, राहू दे. तिचं बरोबर आहे,” चष्मेवाले म्हणाले.

वहिनी पाणी आणायला गेली. परत आली तेव्हा सासूबाई पदराआडून लेकाच्या हातात विटेचा तुकडा ठेवत होत्या. त्याने तो तोंडाजवळ नेला होता. वहिनीने हातातला तांब्या खाली टाकला आणि धावत जाऊन त्याच्या बोटांतून तो तुकडा काढून घेतला. काढून घेतला म्हणजे हिसकावला. वर्गातले सगळे बघत राहिले. चष्मेवाल्यांनी हात तसाच थोडा वेळ हवेत धरला, मग मांडीवर ठेवला. बोटांना लागलेला भुगा त्यांनी चाटला नाही, सदऱ्याला पुसला. वहिनीने तो तुकडा शेजारच्या पोराला देऊन टाकला.

संध्याकाळपासून त्यांना उलट्या सुरू झाल्या. पोटात काही नव्हतंच, नुसतं पाणी पडत होतं. तोंडाला सडत चाललेल्या फळासारखा वास येऊ लागला. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर ते मोठमोठे, खोल श्वास घेऊ लागले, जणू कुणी पाठीमागे लागल्यासारखे. वहिनीने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. तिने वीट काढली, चौकोन मोडला, पाण्यात भिजवून त्यांच्या ओठांना लावला. आता दिलं तर काय होईल याचा विचार करण्यापलीकडे ती गेली होती. “घ्या, अहो, घ्या ना,” ती म्हणत राहिली. पण आत काही गेलं नाही. ओठांच्या कडेने ओघळून ते गळ्यावर आलं. तिने पदराने पुसलं.

दुपारी श्वास थांबला. सासूबाई पायांशी बसल्या होत्या. त्या रडल्या नाहीत, लेकाचे पाय चोळत होत्या तशा चोळतच राहिल्या. शेवटी मुख्याध्यापिकांनी हळूच त्यांचे हात धरले.

वाट मोकळी झाली ती त्याच्या दुसऱ्या दिवशी. पहिल्या गाडीत पाणी होतं, घोंगड्या होत्या आणि औषधांची पेटी घेतलेली एक तरुण डॉक्टर होती. तिने मागच्या खोलीत जाऊन चष्मेवाल्यांना पाहिलं, वहिनीला काय काय झालं ते विचारलं. वहिनीने सगळं सांगितलं. डबा, पेन, गोळ्या, उपास.

डॉक्टरने तिच्या खांद्यावर हात ठेवला. “तुम्ही स्वतःला लावून घेऊ नका. शरीरात इन्सुलिनच नव्हतं. अशा वेळी खाल्लं काय, न खाल्लं काय, वाचणं अवघडच होतं.”

“म्हणजे दिलं असतं तरी चाललं असतं?”

आपण काय बोलून गेलो ते डॉक्टरच्या लक्षात आलं, पण शब्द परत घेता येईना. ती चाचरली. “फार फरक पडला नसता.”

“त्यांनी एक चौकोन मागितला होता,” वहिनी म्हणाली.

तेवढ्यात कुणीतरी डॉक्टरला हाक मारली आणि ती गेली.

सासू-सुनेला मोठ्या छावणीत नेलं. घर, दुकान, चौकातला सामानाचा ढीग, काहीच राहिलं नव्हतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी वहिनीची लेक येऊन पोचली. ती दूर शहरात नोकरीला होती. बातमी तिला वाटेतच कळली होती. आईच्या गळ्यात पडून ती रडली. रडणं ओसरल्यावर अशा वेळी सगळे विचारतात तेच विचारू लागली. फार त्रास झाला का. काही बोलले का. मग म्हणाली, “काही खाल्लं होतं बाबांनी?”

वहिनीने तोंड उघडलं. खरं तेच सांगायचं तिने ठरवलं होतं. निदान लेकीने तरी आपल्याला बोलावं, शिव्या द्याव्यात, असं तिला वाटत होतं.

“खाल्लं की,” सासूबाई मधेच म्हणाल्या. “तुझ्या आईने अख्खी वीट खाऊ घातली. मिटक्या मारत खाल्ली त्याने.”

लेक रडता रडता हसली. “शेवटी मिळालं त्यांना गोड.”

“मिळालं,” सासूबाई म्हणाल्या.

वहिनीने सासूबाईंकडे पाहिलं. त्या समोरच्या तंबूच्या दोरीकडे बघत होत्या.

पुढे त्या दोघी लेकीकडेच राहायला गेल्या. दोन खोल्यांचं घर, तिसऱ्या मजल्यावर. सासूबाई सुनेच्या हातचं मुकाट जेवायच्या, सून देईल ती गोळी घ्यायच्या. चारचौघांत पूर्वी म्हणायच्या ते मात्र पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत, आणि वहिनीनेही त्याची वाट पाहिली नाही. कारखाना आगीतून वाचला होता. कामावर या म्हणून निरोप आला तेव्हा वहिनीने नको कळवलं. तिने खालच्या गल्लीतल्या धोब्याच्या दुकानात इस्त्रीचं काम धरलं.

एकदा दुपारी ती सासूबाईंचे केस विंचरत होती. लेक कामाला गेली होती. सासूबाई पाठमोऱ्याच बोलल्या.

“तू तो तुकडा घेतलास ना त्याच्या हातातून. माझ्याजवळ दुसरा होता. वाटीत होता. मी दिला असता तर तू किती वेळा हिसकावला असतास?”

वहिनीचा हात थांबला.

“मी नाही दिला,” सासूबाई म्हणाल्या. “मला वाटलं, इतकी वर्षं हिचंच खरं ठरलंय. आताही हिचंच खरं असेल.”

फणी केसांतच राहिली. मग सासूबाईंनीच मान थोडी मागे केली आणि वहिनी पुन्हा विंचरू लागली.