पिवळे बाण

नदीकाठचं ते गाव लोक हौसेनं बघायला येतात. जुनी पाणचक्की, दगडी पूल, काठाकाठानं रानात जाणारी पायवाट. आई आणि मी पुन्हा गेलो होतो, पण यातलं काही बघायला नाही.

माझा धाकटा भाऊ गेल्या वर्षी त्या पायवाटेनं गेला तो परत आलाच नाही. पुरानं काठ खचला होता, म्हणून नगरपालिकेनं वाट वरच्या अंगानं वळवली. दगडांवर नवे बाण रंगवले, जुने पुसायचे राहिले. 'राहिले' हा त्यांचा शब्द. हा जुन्या पिवळ्या बाणांमागं गेला, सरळ नदीत. त्याची पिशवी सापडली, तो नाही.

ते बाण पुसा म्हणून मी वर्षभर नगरपालिकेचे उंबरठे झिजवले. जुन्या वास्तू सांभाळणारे वारसा विभागवाले म्हणत, दगड आमचे, रंग आमचा नाही. पर्यटनवाले म्हणत, रंग आमचा, दगड नाही. अशा माणसांपुढे डोकं तरी किती फोडायचं? शेवटी साहेबांच्या टेबलावर हात आपटला, तेव्हा कुठे एक रंगारी मिळाला.

"आई, तू खाली पर्यटनवाल्यांच्या ऑफिसात बस," मी म्हटलं. ऐकेल तर शपथ.

रंगाऱ्यानं दगडाच्याच रंगाचा डबा आणला होता. पहिला बाण गेला, दुसरा गेला. तिसऱ्यापाशी आई पुढे झाली आणि बाणावर तळवा ठेवून उभी राहिली.

"हा राहू दे."

"अगं, याच्यामुळेच तर गेला ना तो?"

"म्हणूनच. यायचं झालं तर त्याला दुसरी वाट ठाऊक आहे का?"

मला वाटत होतं, तिनं केव्हाच मन घट्ट केलंय. असा संताप आला, पण कुणाचा तेच कळेना. रंगारी ब्रश हातात धरून माझ्याकडे बघत राहिला.

तेवढ्यात मागून एक जोडपं आलं, लेकीला खांद्यावर घेऊन. बाण बघून नवरा म्हणाला, "वाट इकडूनच ना?"

"नाही, वरून," मी म्हटलं आणि आईला बाजूला ओढलं. चांगलं जोरात ओढलं. "पुसा हो."

आई रडली नाही. रंग वाळेपर्यंत दगडाकडे बघत राहिली.

"वर्षभर नव्हता गेला," ती म्हणाली. "आज तू घालवलास."

उतारावर मी हात पुढे केला. तिनं तो धरला नाही.