मधल्या खाचेतला पट्टा

"आई, नानांना बंद करायला सांग. खालचे लोक विचारायलेत, वर काय फोडायलेत म्हणून." गौतम जिन्यातूनच ओरडला.

"बाप तुझा आहे, तू सांग. मी काय टपाल वाटायला बसले?"

तारनाक्याच्या आमच्या गच्चीवर, पत्र्याखाली आमचे हे, प्रतापराव, स्टुलावर बसले होते. चौतीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात फिटर. चालत्या मशीनला कान लावून आतलं काय बिघडलंय ते सांगायचे. आता दगड घासायचं पिंप त्यांनी घरीच केलंय. जाड पाइपाचा तुकडा, दोन्हीकडे झाकणं, आतून ट्रकच्या ट्यूबचं रबर, खाली जुन्या वॉशिंग मशीनची मोटर. आत गारगोट्या, पाणी आणि कुरुंदाची खरखरीत पूड. महिनाभर फिरवलं की गारगोटी काचेसारखी होते.

गारगोट्या गावाकडच्या, भालकीच्या शेतातल्या. शेत विकलं त्या दिवशी सगळे कागदांत गुंतलेले, हे एकटे धुऱ्यावर, बांधाशी, पिशवी भरत होते. तिन्ही पोरांना एकेक मूठ द्यायची, एवढंच मनात.

लहान पिंपात दगड सुरेख निघाले. मग ह्यांनी मोठं पिंप केलं, आणि त्यातल्या पहिल्याच खेपेला निम्म्या दगडांचे टवके उडाले. "दगडच कच्चे," म्हणाले.

"हौ, शेतातले दगड कच्चे, तुम्ही तेवढे पक्के!" मी म्हटलं होतं.

आता उरलेले शेवटचे दगड आत होते आणि पुन्हा तेच, ठक ठक ठक. मोठं पिंप हळू फिरवायचं, हे मला ह्यांनीच शिकवलेलं. मोटरच्या चाकाला तीन खाचा, तीन वेगांच्या. पिंप फिरवणारा पट्टा अजून जोराच्या खाचेतच. दगड वर जाऊन आपटत होते.

"ऐकू येत नाही का?" मी पाठीमागून म्हटलं. हलले नाहीत.

"चहा आणू का?"

तरी नाही. चहाला ह्या माणसाने जन्मात कधी उत्तर चुकवलेलं नाही. पिंपाकडे मान कलती करून बसले होते, ऐकत असल्यासारखे. समोरून बोललं की ओठांवरनं ओळखत असणार. कधीपासून, देव जाणे.

गौतम वर आला, ह्यांच्या समोर उभा राहिला. "नाना, तुम्हाला आता जमत नाही. द्या फेकून. तयार मशीन मागवतो."

ह्यांचं तोंड उतरलं. मी डबा उपडा घातला, त्यांच्याजवळ बसले आणि गुडघ्यावर हात दाबला, म्हणजे हळू.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. काही न विचारता मोटर थांबवून पट्टा शेवटच्या खाचेत घातला. दगड नुसते घसरत राहिले, आवाजच नाही. मी गुडघ्यावरची दोन बोटं वर उचलली, म्हणजे जरा जोरात. पट्टा मधल्या खाचेत गेला आणि खस्स खस्स सुरू झालं, ग्राइंडरमध्ये इडलीचं पीठ फिरतं तसं, एकसारखं. मी हात तसाच ठेवला.

"ही बरोबर," ते गौतमला मोठ्यानं म्हणाले. "आवाजावरनं कळतं."

"त्यांना नाही कळणार तर कुणाला?" मी म्हटलं. "जा, खालच्यांना सांग, झालं."

महिन्याने दगड निघाले. एकालाही टवका नाही.

हल्ली नवे दगड आणून पिंप लावायच्या आधी हे दुसरं स्टूल ओढून आपल्या स्टुलाला लावून ठेवतात, त्यावर फडकं मारतात. कशाला, ते मी विचारत नाही. जाऊन बसते.