टिंगलीचा चेहरा

धाकट्याने गाण्याचा कागद टेबलावर सपाट केला, दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि हातांच्या खुणांनी विचारलं,

"ही स्तुती आहे की टिंगल?"

"टिंगल," ताईनेही हातांनीच सांगितलं.

"कागदावर तर स्तुती दिसते."

दिसत होती खरी. 'बिननंबरचा चष्मा त्याचा, किती दूरचं पाहतो! आजोबांचा कोट घालून किती सुंदर राहतो!' टिंगल होती ती गायकाच्या आवाजात. 'सुंदर' हा शब्द तो चिमटीत मेलेलं झुरळ उचलावं तसा उचलायचा. धाकट्याला मात्र जन्मापासून ऐकू येत नव्हतं.

ताई दुभाषी होती. दवाखान्यात, कोर्टात, बँकेत लोक जे बोलत ते ती ऐकू न येणाऱ्यांना खुणांनी सांगायची. या शनिवारी पहिल्यांदाच ती गाण्याच्या कार्यक्रमात उभी राहणार होती. पुढच्या दोन रांगा त्यांच्यासाठी राखून ठेवल्या होत्या. म्हणून तिने तालमीला भावाला समोर बसवलं होतं.

"आवाजातली टिंगल दाखवू कशी?"

"चेहऱ्यावर," तो म्हणाला. "आम्ही सगळं तिथंच वाचतो." मग विचारलं, "कुणाची टिंगल करतोय तो?"

ताईने कागदाची घडी घातली. "असतात तसले काही लोक."

तसले लोक शोधायला तिला लांब जायची गरज नव्हती. मेण लावून टोकं वर वळवलेल्या मिशा, विजारीला खांद्यावरून घेतलेले पट्टे, गोल चष्म्यात नुसती साधी काच. असं सगळं ध्यान समोरच बसलेलं होतं. धाकटा सुतार होता, आणि हात चांगला होता त्याचा. पण गेली तीन वर्षं तो नव्याकोऱ्या खुर्च्या साखळीने बडवायचा, खिळ्याने त्यांना भोकं पाडायचा आणि जुन्या म्हणून हौशी लोकांच्या घरी पोचवायचा. "वाळवी जे फुकट करते, ते आमचा हा घाम गाळून करतो," असं ती मैत्रिणींना सांगायची. मैत्रिणी हसायच्या, आणि तिला बरं वाटायचं.

कार्यक्रम एका रिकाम्या गोदामात होता. भिंतींचा रंग मुद्दाम खरवडलेला होता, आणि तसल्या लोकांची गर्दी अंगावर येत होती. प्रत्येकाने सगळ्यांपेक्षा वेगळं दिसण्याचा आटापिटा केलेला, आणि परिणामी सगळे एकाच दुकानातून उचलून आणल्यासारखे. गाणं सुरू झालं तेव्हा टाळ्या पिटण्यात हेच लोक पुढे होते, कारण ते शेजाऱ्यावर लिहिलंय अशी जो तो खातरी बाळगून होता.

"तो बघा, तो बघा आला!" गायक ओरडला.

'तो' म्हणजे कोण, हे हातांनी दाखवायला हवं होतं. ताईची दोन बोटं आपसूक ओठांवर गेली आणि त्यांनी हवेतल्या मिशीला पीळ दिला.

ऐकू न येणाऱ्या मंडळींत प्रत्येकाच्या नावाला एक खूण असते. ही धाकट्याची होती, आणि तो पहिल्याच रांगेत बसला होता.

दोन्ही रांगांनी माना वळवून त्याच्याकडे पाहिलं. खांदे गदगदू लागले. धाकटाही मांडीवर थाप मारून हसला. ताईने थांबायला हवं होतं, पण गाणं पुढे पळत होतं आणि हात त्याच्यामागे. चेहरा तर तिला करावाही लागला नाही. वरचा ओठ वळला, नाकपुडी उचलली गेली, भुवई चढली. इतकी वर्षं दुसऱ्यांचं बोलणं पोचवताना तिचं काम एवढं सहज कधीच झालं नव्हतं. चष्म्याची ओळ आली, कोटाची आली, आणि दर वेळी ती मिशी पिळली जात होती. लोक डोळे पुसत होते.

दुसऱ्या कडव्यापर्यंत धाकट्याचं हसू ओसरलं. तो तिच्या हातांकडे बघत नव्हता, नुसता चेहऱ्याकडे बघत होता. त्याने चष्मा काढून खिशात टाकला.

मग गायकाने कागदावर नसलेलं एक कडवं सुरू केलं. आवाज खाली आला होता. ताईने हात उचलले, पण ते छातीपर्यंत येऊन थांबले. गाणं संपेस्तोवर ती तशीच उभी राहिली.

बाहेर दुपारचं ऊन रणरणत होतं. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी तिचे दोन्ही हात धरले आणि मग ते सोडून खुणांनी सांगितलं, "शब्दन्‌शब्द दिसला मला!" सगळे पांगल्यावर धाकटा जवळ आला.

"चुकून झालं रे," ताई घाईने म्हणाली. "ऐन वेळी दुसरी खूणच सुचेना."

"हात चुकतात कधी कधी." तो रस्त्याकडे बघत राहिला. मग तिच्याकडे वळला. "लहानपणी लोक माझ्याकडे बघून काहीबाही बोलायचे. काय म्हणतात, असं विचारलं की तू सांगायचीस, काही नाही, हवापाण्याच्या गप्पा."

"तू एवढासा होतास."

"त्यांचे चेहरे मला दिसायचे, ताई. आज तुझा दिसला."

ताईने पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"शेवटचं कडवं राहिलं," तो म्हणाला. "त्याचं तोंड हलत होतं. तुझे हात नाही."

"काही विशेष नव्हतं."

"हवापाण्याचं?"

तिने पर्स जमिनीवर ठेवली. दोन्ही हात मोकळे केले आणि फुटपाथवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या मध्ये, एकट्या त्याच्यासाठी कडवं सांगायला घेतलं. 'हसून झालं? आता जरा आरशापुढे या. तो बघा, तो बघा आला...' इथे तिने बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. 'मीच तो.'

धाकट्याने तिचा चेहरा नीट पाहून घेतला.

"हे गायक म्हणतो, की तू?"

दुभाष्याचा 'मी' हा बोलणाऱ्याचा असतो, दुभाष्याचा स्वतःचा कधीच नसतो. कोर्टात चोरांच्या, फसवलेल्या बायकांच्या, खोट्या साक्षीदारांच्या वतीने ती हजारदा 'मी' म्हणाली होती आणि घरी जाऊन शांत झोपली होती. उत्तर तयारच होतं. ते सांगायला तिला फक्त बोट छातीवरून उचलायचं होतं.

शेजारून माणसं जात राहिली. तिने बोट तिथंच राहू दिलं.