लसीच्या डब्यातला नीलवंत

डबा हाय मी. लसीचा डबा. निळा रंग, जाड अंग, वरून खांद्याला अडकवायचा पट्टा. गोड बोलनं मला जमत न्हाई, आदीच सांगून ठिवतो. ऐकायचं तर ऐका, न्हाईतर उठा.

जनावरांच्या दवाखान्यात नवा आलो, तवा रुबाब हुता माझा. गहिनीनाथ तितं रोजंदारीवर मानूस. मला खांद्याला मारायचा आन् पाथर्डीच्या अंगाच्या डोंगरातल्या वस्त्या पालथ्या घालायचा. लाळ्या-खुरकुताची लस, शेळ्यांची लस, सगळं माझ्या पोटात. वस्तीवर गेलं की बाया आदी मला सावलीला ठिवायच्या, मग गहिनीनाथला पानी द्यायच्या. तो चिडायचा. "डब्याची बडदास्त, आन् मानूस उनात मरू द्या व्हय?"

पन काम चोख. बर्फाचे पॅक फ्रीजरमधून काढले की लगेच माझ्यात घालायचा न्हाई. भाईर ठिवायचा. त्यास्नी घाम फुटला, हलवल्यावर आत पानी डुबुक वाजलं, की मग आत. न्हाईतर लस गोठती, आन् गोठल्याली लस म्हंजी नुसतं पानी. डागदर विसरायचा, गहिनीनाथ कवा विसरला न्हाई.

मग माझं झाकन ढिलं झालं. नवे डबे आले, माझं काम सुटलं. त्याच साली गहिनीनाथचं बी सुटलं. त्यानं मला घरी आनलं. त्याच्या बायकूनं, कडूबाईनं, माझ्यात अंड्यावर खुडुक कोंबडी बसवली. ती कोंबडी बरी. ऊब तरी दिली तिनं. म्होरं जे माझ्या पोटात आलं, त्यापरीस लई बरी.

भिंगारचे योहान सर, हायस्कूलचे रिटायर मास्तर, दर पावसाळ्यात आमच्या डोंगरात फुलपाखरं बघायला यायचे. गहिनीनाथ त्यांचा वाटाड्या. सर चिखलाच्या कडंला पोतं टाकून बसायचे, तास तास. मांडीवर क्यामेरा. हलायचं न्हाई, बोलायचं न्हाई. फुलपाखरू आपनहून जवळ आलं तर फोटू, न्हाईतर भाकरीचा डबा खाऊन परत. गहिनीनाथला नावं त्यांनीच शिकवली. ह्या डोंगरात जेवढी म्हनून फुलपाखरं, तेवढ्यांचे फोटू सरांनी वहीत चिकटवल्याले. एकच न्हाई गावलं. नीलवंत. तळहाताएवढं काळं पाखरू, मागच्या पंखावर निळं. दोनदा-तीनदा गहिनीनाथनं फोन केला, "सर, आलाय!" सर येईस्तवर गायब.

सरांच्या मागं पुन्याची मानसं यायला लागली. गाड्या, नळकांड्यावानी क्यामेरे. त्यांच्या बुडाला काटं. धा मिनिटं झाली की, "काका, बसत का नाही हो ते? काहीतरी करा ना." काहीतरी म्हंजी काय, ते कुनी बोललं न्हाई. गहिनीनाथला कळलं. त्यानं कोंबडी उठवली आन् मला धुतलं.

मच्छरदानीचं जाळं केलं. फुलपाखरू धरायचं, पंख मिटवून कागदाच्या पुडीत घालायचं, पुडी माझ्या पोटात, बर्फाजवळ. पंधरा मिनिटात ताठ. मग पाहुनं यायच्या आदी फुलावर मांडायचं. बसलंय की निवांत! मानसं रांगत जाऊन फोटू काढायची, "काय नशीब आपलं!" म्हनायची. ऊन लागलं की त्यातली काही उडायची. जी उडायची न्हाईत, ती गहिनीनाथ चपलंच्या टोकानं झुडपात ढकलायचा.

कडूबाई म्हनायची, "आदी जनावरं जगवत हुता, आता मढी सजवतोस. बरं दिसतंय का?"

"तू भाकरी कर," हा म्हनायचा. "पाखराचं आयुष्य ते केवढं! असंबी मरतंयच."

म्या हे सगळं पोटात घेतलं. डबा काय बोलनार?

यंदा गौरी-गनपती झाल्यावर सरांच्या बायकूचा, हन्ना म्याडमचा, फोन आला. गहिनीनाथनं स्पीकरवर घेतला, म्हनून मला ऐकू आलं. "सरांची नजर चाललीय रे गहिनी. डॉक्टर म्हणतात, पुढच्या पावसाळ्यापर्यंत काहीच राहणार नाही. एकच धरून बसलेत, त्या डोंगरातला नीलवंत एकदा डोळ्यांनी बघायचाय. तेवढं जमतंय का बघ."

"जमतंय का काय इचारता? दावतो म्हंजी दावतो," गहिनीनाथ म्हनला.

खोटं न्हाई बोलत, मानसाच्या डोळ्यात पानी हुतं. ती माया हुती. तिनंच घात केला.

चार दिस तो नुसता नीलवंताच्या मागं. चौथ्या दिशी दुपारी गावातल्या दुकानदाराच्या, श्रीमंतच्या, लिंबाच्या बागंत गावला. जाळं फाटलं, काट्यानं हात सोलला, पन धरला. पुडीत घालून माझ्या पोटात ठिवला. बर्फ न्हाई ठिवला तवा, जित्ता पाहिजे हुता ना. सकाळपत्तूर ते पाखरू कागदाला धडका देत हुतं. फड, फड. थांबायचं, आन् परत फड.

सकाळी नवाला यायची सरांची जीप सातलाच आली. गहिनीनाथची पळापळ झाली. श्रीमंतच्या थंड्याच्या दुकानात पळाला, तितल्या फ्रीजरमधी ठिवल्यालं चार पॅक काढलं, दगडावानी कडक, आन् तसंच माझ्या पोटात कोंबलं. घाम फुटू दिला न्हाई, कानाला लावून हलवलं न्हाई. इतकी वर्सं लसीसाठी पाळल्यालं पाखरासाठी इसरला. म्या आतून वरडत हुतो, आरं थांब! पुडीचा कागद बर्फाला चिकटला. फडफड थांबली.

नाल्याच्या बंधाऱ्याजवळ वला चिखल हाय. गहिनीनाथनं म्होरं जाऊन नीलवंत तितं मांडला, पंख पसरून. मला झुडपामागं ठिवलं. मागनं म्याडम सरांचा हात धरून आल्या. पोतं टाकलं. सर बसले.

"सर, बगा! तुमच्या म्होरं, हातभरावर!" गहिनीनाथ कुजबुजला.

सरांनी मान वाकडी केली. इकडनं बघितलं, तिकडनं बघितलं. "आहे म्हणतोस?"

"बसलाय की तुमच्यासाठीच."

"असू दे, असू दे," सर हसले. "घाई नाही. उडेल की. तोवर बसू."

आन् बसले. ऊन वर आलं. गहिनीनाथ ह्या पायावरनं त्या पायावर. "सर, डोळं भरून बघून घ्या ना! उडायची काय वाट बघताय?"

"कधी नव्हे तो आलाय. त्याला उठवायचं नाही. हन्ना, तू फोटो घे."

म्याडमनी क्यामेरा डोळ्याला लावला. त्या भिंगातनं मुंगी बी बोटाएवढी दिसती. म्याडम बघत ऱ्हायल्या. मग क्यामेरा खाली घेतला.

"अहो, मुंग्या लागल्यात त्याला. डोळ्याला."

"बसलेल्याला मुंग्या?" सर म्हनले. हात पुढं केला. बोट चाचपडत पंखाला लागलं आन् पंख तुटून चिखलात पडला.

म्याडमनी हिकडं तिकडं बघितलं आन् झुडपामागं मी दिसलो. उठून आल्या, झाकन उघडलं. बर्फाला चिकटल्याला कागद, त्याला निळी भुकटी.

"फ्रीजमधलं दाखवायला आणलंस आम्हाला?"

गहिनीनाथ भडकला. चूक झाली की तो असाच भडकतो. "मग काय करायचं मानसानं? चार दिस रानोमाळ हिंडलोय! सरांना दिसत न्हाई म्हनून हातभरावर आनून ठिवला. हलू नये म्हनून गार केला. आनि वर मलाच बोला!"

"गहिनी," सर म्हनले, अगदी हळू, वर्गात बोलावं तसं. "माझ्या नजरेत मधोमध डाग आहे. बसलेलं मला काहीच दिसत नाही. तुझं तोंडसुद्धा दिसत नाही. हललं, उडालं, की कडेनं कळतं. मी त्याच्या उडण्याची वाट बघत होतो रे."

गहिनीनाथ सरांच्या म्होरं चिखलातच बसला.

"काल धरलंस?"

"व्हय."

"उडत होतं तेव्हा?"

"लई उडत हुतं. तासभर पळवलं."

"मग सांग मला. कसं उडत होतं? पंख जोरात मारायचं, की हळू? उन्हात आलं की निळं कसं दिसायचं? सगळं सांग. मी ऐकतो."

सरांनी डोळं मिटलं. तोंडावर खरंच ऐकायला बसल्यालं भाव.

"सर, म्या... म्या जाळ्याकडं बघत हुतो."

सर उठले. म्याडमनी हात धरला. जीपचा आवाज घाट उतरून जाईस्तवर गहिनीनाथ चिखलाजवळच बसून हुता. मग माझ्याकडं आला आन् राग माझ्यावर काढला. दगड घातला. झाकनाचं दोन तुकडं, कड फुटली, आतलं फोमचं भुसकट भाईर. शिव्या मला, जसं काय म्याच त्याला सांगितलं हुतं.

तुमाला वाटंल सुधारला आसंल. दुसऱ्या शनवारी पुन्याची गाडी आली. लाल डबा घेतलाय त्यानं आता, झाकन घट्ट बसतं. कडूबाईनं त्या डब्याला हात लावायचं सोडलंय, एवढंच.

मी उकिरड्याच्या कडंला पडून हाय. सरांनी मला इचारलं असतं, कसं उडत हुतं, तर मला तरी काय सांगता आलं असतं? मला नुसती फडफड ठावं. उडनं न्हाई ते. भाईर पडायची धडपड हुती ती.

एक मागतो. परवा भंगारवाला मला हलवून बघत हुता, कड चिकटवली तर चालंल म्हनला. चिकटवू नका. आता माझ्यात काय बी ठिवलं तर ऱ्हात न्हाई, निघून जातं. तसंच राहू द्या. मला सांदू नका.