सोड

ग्लव्हची सुटलेली वादी राजीवने दातांनी ओढून घट्ट केली आणि सईला हात केला. सई, त्याची मुलगी, होम प्लेटजवळ बॅट घेऊन उभी होती. मार्च संपत आला तरी एडिसनच्या त्या पार्कातल्या बेसबॉलच्या मैदानावरचं गवत अजून पिवळंच होतं.

"बाबा, मी सेंटरला. तू लेफ्टला थांब," अक्षत म्हणाला. "अँड प्लीज, पळू नकोस."

"मी कुठला पळतोय! माझे गुडघे तुझ्या आईच्या परवानगीशिवाय हलत नाहीत."

अक्षत हसला, पण हसता हसता त्याने पुन्हा फोन बघितला. टेक्ससमधल्या कुठल्याशा छोट्या लीगच्या टीमला पाच वाजेपर्यंत उत्तर द्यायचं होतं. नाव अक्षत आणि खांद्यावर दोन ऑपरेशनं. वय चौतीस. महिन्यापूर्वी अकराव्या टीमनेही नारळ दिलेला.

"यू डिसाइड, बाबा," सकाळी पोहे खाताना तो म्हणाला होता. "तू हो म्हणालास तर जातो."

"जातो नाही, येतो म्हणावं," त्याच्या आईने, शैलाने, त्याला टोकलं आणि ती भाजणीचे डबे काढायला ओट्याकडे वळली. टोलेडो, टल्सा, टाकोमा, मेक्सिकोतला एक हंगाम... चौदा वर्षं मुलगा नव्या गावाला निघाला की ती आधी भाजणी भाजायला घ्यायची. आजही तिने कोणाच्या होकाराची वाट पाहिली नव्हती.

मोठ्या लीगमध्ये अक्षत खेळला तो सगळा मिळून एकोणीस दिवस. त्या एकोणीस दिवसांचं कौतुक सांगून राजीवने ओक ट्री रोडवरच्या ओळखीपाळखीच्यांचे कान किटवले होते. नंतर लोक विचारायचे, "सध्या कुठे असतो?" आणि राजीव गावाचं नाव सांगून विषय बदलायचा. त्याला मुलाची लाज वाटत नव्हती. वाटायची ती स्वतःचीच, कारण हे वेड त्यानेच लावलं होतं.

अक्षत सहा वर्षांचा असताना कोचने शिकवलं होतं, बॉल आपला असला की 'आय गॉट इट' ओरडायचं. राजीवला ते पुळचट वाटलं. त्याने नागपूरच्या मैदानावरचा शब्द शिकवला. दोघं एकाच झेलासाठी धावले की ज्याचा झेल तो ओरडणार, "सोड!" आणि दुसऱ्याने मुकाट्याने थांबायचं. अक्षतने तो शब्द कधी टाकला नाही. त्याच्या शेजारी खेळलेले टल्साचे, डॉमिनिकन, जपानी असे सगळे खेळाडू मराठीतला तेवढा एकच शब्द घेऊन घरी गेले.

सईने पहिला बॉल उंच मारला. अक्षतच्या ग्लव्हच्या कडेला लागून तो खाली पडला.

"सन," तो म्हणाला. सूर्य त्याच्या पाठीशी होता.

दुसऱ्या बॉलला तो उशिरा निघाला. पूर्वी बॅटचा नुसता आवाज आला की याचे पाय सुटलेले असायचे. तिसरा त्याने पकडला, पण गुडघ्यांवर घसरत, आणि उठल्यावर कितीतरी वेळ खांदा धरून उभा राहिला.

"सी? स्टिल गॉट इट!"

राजीवने अंगठा वर केला. हो म्हणणं सोपं होतं. चौदा वर्षं त्याने तेच म्हटलं होतं, आणि ते ऐकून हा पोरगा दरवेळी बॅग भरत आला होता.

"लास्ट वन!" सई ओरडली.

बॉल दोघांच्या मधोमध चढला, जरासा अक्षतच्या बाजूला. अक्षत मान वर करून, दातओठ खाऊन धावत सुटला. हाक द्यायला त्याने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी राजीवचा आवाज आला.

"सोड!"

अठ्ठावीस वर्षांच्या सवयीने अक्षत जागच्या जागी थांबला. बॉल त्याच्यापासून चार पावलांवर आपटला आणि घरंगळत कुंपणाकडे गेला. राजीव होता तिथेच उभा होता. त्याने एक पाऊलही टाकलं नव्हतं.

"बाबा? तू कॉल केलास. युअर बॉल."

राजीवने ग्लव्ह काढून काखेत धरला.

"माझा नव्हता," तो म्हणाला.

अक्षत त्याच्याकडे बघत राहिला. सई लांबून "काय झालं?" विचारत होती. मग तो हळूहळू कुंपणापर्यंत गेला आणि त्याने बॉल उचलला. तिथून तो नेहमी एका फेकीत होम प्लेटपर्यंत पोचवायचा. आज तो बॉल हातात घेऊन चालत परत आला.

"आईने भाजणी भाजायला घेतली असेल ना?"

"असेल."

"तिला फोन कर," अक्षत म्हणाला. "म्हणावं, पॅक नको करू."