घोंगडी, मासे आणि वास

आमच्या घरात वास यायला लागला तो शहाण्णव सालच्या दिवाळीनंतर. पहिले दोन दिवस मी तो माझ्या मनाचा खेळ समजले. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या इंदिराबाई विरजण मागायला आल्या, दारातच थबकल्या आणि म्हणाल्या, "म्हाळसाबाई, उंदीर बिंदीर मेलाय का हो कुठं?" पदर नाकाला लावला नाही त्यांनी, पण हात तिकडे निघाला होता, तो मला दिसला.

मी बारामतीत हायस्कूलला शास्त्र शिकवते. पुढचं वाचल्यावर हे कुणाला खरं वाटणार नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. नवरा, नागेश, पाटबंधारे खात्यात. मुलगी स्वप्नाली तिसरीत. आणि त्या पावसाळ्यापासून आमच्याकडे राहायला आलेले माझे सासरे, म्हस्कूआबा. आबांनी जन्मभर मेंढरं राखली. पणदऱ्याच्या आजूबाजूची रानं एकेक करून उसाखाली गेली, चारायला जागा उरली नाही, तेव्हा त्यांनी कळप विकला आणि एक काठी, एक पितळी तांब्या आणि एक काळी घोंगडी घेऊन ते आमच्या दुसऱ्या मजल्यावर आले.

फिशटँक नागेशने पुण्याहून आणला होता, स्वप्नालीसाठी. चार सोनेरी मासे, खाली रंगीत खडे, मधोमध प्लास्टिकचा किल्ला. तो पाहून आबा म्हणाले होते, "खायाचं न्हाय, इकायचं न्हाय, मग पाळायचं कशाला?" आठवड्याभरात त्यांनी टाकीसमोर स्वतःचा पाट टाकला. रोज सकाळी चहाच्या आधी मासे मोजायचे. "चारी हायती," असं त्यांनी सांगितलं की मग आमच्या घरात दिवस उजाडायचा.

तर वास. मी फ्रिज ओढला, उंदीर नव्हता. मोरीत फिनेल ओतलं, कपाटामागे झाडू फिरवला. वास बैठकीतच होता, आणि बैठकीत काय होतं? आबांची खाट, आबांची घोंगडी आणि तो टँक. टँककडे मी पाहिलंसुद्धा नाही. नागेश दर पंधरा दिवसांनी त्यातलं निम्मं पाणी बदलायचा, पाणी स्वच्छ दिसायचं, मासे मजेत फिरायचे. राहिली घोंगडी. लोकरीला मेंढराचा वास असतोच, आणि माझं नाक एकदा एखाद्या गोष्टीवर बसलं की उठत नाही.

आबा सकाळी कालव्याकडे फिरायला जात. त्या बुधवारी ते गेले आणि मी घोंगडी बादलीत बुचकळली. चांगली दोन मुठी पावडर घालून धुतली. घोंगडीला चिंचोक्याची खळ दिलेली असते, तिच्यामुळेच ती ताठ राहते, पाऊस अंगावर घेते. धनगराच्या घरात नांदणाऱ्या बाईला हे माहीत नसावं? माहीत होतं. रागाच्या भरात आठवलं नाही. खळ सगळी पाण्याबरोबर मोरीत गेली आणि गॅलरीच्या कठड्यावर जे वाळत पडलं ते एखादं जुनं पोतं असावं असं दिसत होतं.

आबा परत आले. गॅलरीत गेले. घोंगडीला हात लावून पाहिला, बोटांत चुरगाळली. मग ती झटकून पुन्हा कठड्यावर टाकली. रात्री जेवताना म्हणाले, "नागेश, शनवारच्या येस्टीनं म्या पणदऱ्याला जातो. सोपानकडं ऱ्हाईन आता."

सोपान म्हणजे त्यांचा पुतण्या. स्वप्नालीने भोकाड पसरलं. नागेशने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा ताटाकडे पाहिलं. मला त्याचं ते न बोलणं सहन होत नाही. "मी काय मुद्दाम केलं का?" म्हणून मी ताट घेऊन उठले. मुद्दामच केलं होतं.

आणि गंमत अशी, की गुरुवारी घोंगडी दिवसभर गॅलरीत, आणि वास मात्र बैठकीत, आदल्या दिवसापेक्षा वरचढ. वास घोंगडीचा नाही हे आता कळलं होतं मला, पण तोंड उघडून कबूल करायचं म्हणजे जीव जात होता. शुक्रवारी शाळेत सातवीच्या वर्गात मी उगीचच तिघांना उभं केलं.

शुक्रवारी संध्याकाळी आबांनी काठी कोपऱ्यात उभी केली, गाठोडं बांधलं आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "जायाच्या आदी ह्या वासाचा छडा लावतो. न्हायतर उंद्या म्या गेलो आन योगायोगानं वासबी गेला, तर जलमभर म्हनाल, म्हाताऱ्याचाच हुता!"

नागेशला हसू आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आबांनी बैठकीचं दार लावलं, पंखा बंद केला आणि डोळे मिटून हुंगायला सुरुवात केली. खाट हुंगली, पडदे हुंगले, नागेशचे बूट हुंगून तोंड वाकडं केलं पण "ह्यो न्हवं" म्हणाले. स्वप्नाली त्यांच्या मागोमाग हुंगत फिरत होती. टँकपाशी आबा थांबले. झाकण उचललं. "आंबल्यावानी येतंय बग. पान्यावर न्हाय, तळाला हाय. मेंढराचं पोट बिघडलं की आसंच आसतं, तोंडाकडनं कायबी कळत न्हाय."

मासे बादलीत काढले. आबांनी बाही वर सारली, कोपरापर्यंत हात घातला आणि किल्ल्यामागचे खडे उकरले. भसाभसा बुडबुडे वर आले आणि काय वास सुटला! नागेश गॅलरीत पळाला. स्वप्नाली आनंदाने ओरडली, "सापडला! सापडला!" आबांच्या मुठीत काळा, बुळबुळीत लगदा होता. त्यात एक तुकडा अजून पुरता विरघळला नव्हता. तो त्यांनी बोटांनी दाबला. "बाजरीची भाकर."

नागेश नाक दाबून आत आला. घरात बाजरीची भाकरी आबांसाठीच व्हायची. तो हलकेच म्हणाला, "आबा, तुमी टाकली का हो माशांना?"

आबांनी एकवार माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "व्हय. टाकली आसंल म्याच. म्हातारपन, दुसरं काय."

मला माहीत होतं कोणी टाकली. डाळजला, माझ्या माहेरी, जेवायच्या आधी पहिला घास मुक्या जनावराला घालायचा, ही आईची शिस्त. गाय नसेल तर शेळीला, शेळी नसेल तर दारच्या कुत्र्याला. दुसऱ्या मजल्यावर गाय कुठून येणार? म्हणून सगळे बाहेर पडल्यावर, शाळेला निघायच्या आधी चार घास खायला बसताना, मी आबांच्या गार भाकरीतला एक तुकडा कुस्करून टाकीत सोडायची. रोज. कधी भाताचं शीत, सणाला पुरणसुद्धा. मासे थोडं टिपायचे, उरलेलं खड्यांत जायचं. अन्न पाण्यात कुजतं हे मी दर वर्षी फळ्यावर चित्र काढून शिकवते. पण ते माझ्यासाठी कधी अन्न नव्हतंच, तो घास होता.

गप्प बसले असते तर निभावलं असतं. आबा उद्या जाणार होते, वास त्यांच्या नावावर जमा करून. पण माझ्यासाठी त्यांनी तो खोटा आळ इतक्या सहज अंगावर घेतला, की मला गप्प बसवेना.

"आबांनी नाही टाकली," मी म्हणाले. "मी टाकली. रोज मीच टाकत होते. घोंगडीचा वास नव्हता, आबा. मी उगीच धुतली. चुकलं माझं. तुम्ही जाऊ नका."

मग आबांनी काळा हात दुसऱ्या बादलीत धुतला आणि म्हणाले, "मला ठावं हुतं. एक डाव काठी इसरली म्हनून माघारी आलो, तवा बगितलं. तू शाळंच्या घाईत, येक पाय चपलंत, आन माशाला घास घालतीस. मला लई बरं वाटलं, पोरी. म्हनलं, ह्या घरात जनावर उपाशी ऱ्हात न्हाय, म्हंजी हे आपलंच घर."

"मग सांगितलं का नाही?"

"घास घालू नगं, आसं कुनी सांगतं व्हय?"

मी डोळे पुसत विचारलं, "मग जाता कशाला?"

"घोंगडी धुतली त्याचं काय न्हाय. माझ्या माघारी धुतलीस, त्ये लागलं. मला सांगतीस तर मीच धुतली आसती."

मी त्यांच्या पाया पडले. आबांनी डोक्यावर ओलाच हात ठेवला.

"येस्टीनं जानार मातर हाय म्या," ते म्हणाले. "सोपानकडं चिंचोकं हायती, खळीला लागत्याल. सोमवारी येतो. तवर माशांना उपास. पोटाला बरा आसतो."

शनिवारी ते गेले. खडे आम्ही तीन पाण्यांनी धुतले होते, टँक लखलखत होता, घरात वासाचा मागमूस नव्हता. आणि मला ते घर अजिबात आवडत नव्हतं. सोमवारी येतो म्हणाले होते, पण घोंगडीसकट गाठोडं घेऊन गेले होते. काठीही नेली होती. परत येणारा माणूस सगळं कशाला नेईल? नागेश म्हणे, उगीच मनाला लावून घेऊ नकोस. मी दोन्ही दिवस स्वयंपाकात मीठ विसरले.

रविवारी दुपारी दार वाजलं. आबा उभे होते. खांद्यावर चिंचोक्यांची पिशवी, काखेत गाठोडं, हातात काठी, पायांवर धूळ.

"सोमवारी येणार होता ना?" मी म्हणाले.

"मासं उपाशी हायती," आबा म्हणाले, "तिकडं माझ्या घशाखाली घास उतरंना."

मी पिशवी घ्यायला हात पुढे केला आणि तिथंच, उघड्या दारात, शेजारीपाजारी ऐकतील इतक्या मोठ्याने रडले. आबा मला वळसा घालून आत गेले, टाकीसमोर पाटावर बसले आणि मोजायला लागले.