टेबलावरचा चौक

मी एक जुना चौक आहे, मित्रांनो. पण माझ्यावरून आजवर एकही खरी गाडी गेलेली नाही. यात मला कमीपणा वाटत नाही. खऱ्या चौकांची अवस्था तुम्ही रोज पाहताच. मला कुणी केबल टाकण्यासाठी खणलं नाही, माझ्या मधोमध कुणाचा पुतळा बसवला नाही, आणि माझं उद्घाटन करायला कुणी येणार नव्हतं, त्यामुळे मी ठरलेल्या दिवशी सुरू झालो.

माझा जन्म एका चुकीतून झाला. मी खरं तर दार होणार होतो. सुताराचं माप चुकलं, दार काही केल्या चौकटीत बसेना, आणि तो कपाळाला हात लावून बसलेला असतानाच मोटार ड्रायव्हिंग क्लासचे मास्तर त्याच्याकडे आले. त्यांना "सपाट आणि मोठं काहीतरी" हवं होतं. सुताराने मला इतक्या आनंदाने त्यांच्या हवाली केलं की मला जरा वाईटच वाटलं.

मग एका पेंटरने माझ्यावर चार रस्ते काढले. तो दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस. 'थांबा' हा शब्द त्याने इतक्या नक्षीदार अक्षरांत लिहिला की तो वाचायला खरोखरच थांबावं लागे. झेब्रा क्रॉसिंगच्या पट्ट्या काढताना त्याला भान राहिलं नाही. ते क्रॉसिंग फुटपाथवर चढलं आणि थोडं पलीकडेही उतरलं. मास्तर म्हणाले, "राहू दे. माणसं तिथेही सुरक्षित नसतात."

मास्तरांनी मला क्लासच्या खोलीत टेबलावर आडवं ठेवलं. त्यांच्या मुलीने खेळून टाकून दिलेली एक लाल मोटार माझ्यावर आली. एक निळा ट्रक आला, त्याचं एक चाक गेलं होतं, म्हणून तो लंगडत चाले. बुद्धिबळातलं एक प्यादं रस्ता ओलांडणारा माणूस झालं. हवालदार म्हणून मिठाची रिकामी बाटली उभी राहिली. अशी माझी वस्ती.

त्या काळी गाडीला हात लावण्याआधी कच्चं लायसन काढावं लागे. आजही लागतं. त्यासाठी खुणा आणि नियम यांची परीक्षा असते. तिच्या प्रश्नांचं एक पातळ पुस्तक बाजारात मिळे आणि लोक ते पाढ्यांसारखं पाठ करत. मास्तरांना पाठांतराचा राग होता. ते म्हणत, "पुस्तक पिशवीत ठेवा. आधी गाडी ढकला." मग मोठमोठी माणसं माझ्याभोवती वाकून बोटाने मोटार ढकलू लागत. बँकेतले एक साहेब तोंडाने इंजिनाचा आवाज काढत आणि कुणी पाहिलं की खोकल्याचं सोंग करत. एका सासू-सुनेची जोडी आली होती. चौकात समोरासमोर आल्या की दोघी "आधी तुम्ही", "नाही नाही, आधी तू" असं इतक्या गोडीने चालवत की बाकीची वाहतूक संध्याकाळभर ठप्प होई. घरी काय चालतं ते मास्तरांनी विचारलं नाही.

पास झालेली माणसं पेढ्याचा बॉक्स मास्तरांना देत. जाताजाता माझ्या कडेवरून एकदा हात फिरवत. मला तेवढं पुरे होतं. माझ्यावर किती बोटं फिरली असतील! त्यातली एका माणसाची बोटं मी विसरलो नाही. त्यांचीच गोष्ट सांगतो.

लाँड्रीवाल्या वहिनी आल्या तेव्हा माझा रंग कडांना उडायला लागला होता. त्यांची आणि त्यांच्या नवऱ्याची, म्हणजे दादांची, लाँड्री होती. हॉस्पिटलच्या चादरी धुवायच्या, कडक इस्त्री करायची आणि व्हॅनने पोचवायच्या. व्हॅन दादा चालवत. वहिनी शेजारी बसत, मांडीवर गठ्ठा घेऊन. लग्न झाल्यापासून तीच त्यांची जागा.

"मास्तर, यांना दिसत नाही," वहिनींनी बसल्याबसल्या सांगितलं. "डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावू नका म्हणून बजावलंय. हे ऐकतात कुठे! परवा सिग्नलच्या खांबाला माणूस समजले. 'जा बाबा, आधी तू जा' म्हणून हात केला. खांब जाईना, हेही जाईनात. मागे सगळे शंख करतायत."

मास्तर हसले. वहिनी हसल्या नाहीत.

"खांबाला माणूस समजले तोवर ठीक आहे हो. ज्या दिवशी माणसाला खांब समजतील, त्या दिवशी मी काय करू?"

मास्तर सरळ बसले. "ड्रायव्हर ठेवा ना."

"ठेवला की. दुसऱ्या दिवशी पळाला. हे शेजारी बसून त्याला शिकवत होते! आता म्हणतात, 'तुझं लायसन आलं की किल्ली तुझी. तोवर माझी.' म्हणजे मी पास होईपर्यंत हे रोज गाडी काढणार. कळतंय ना तुम्हाला?"

मास्तरांना कळलं. मलाही कळलं. माझ्यावरचं प्यादं त्या दिवशी मला पहिल्यांदाच माणसासारखं दिसलं.

वहिनींना सगळं येत होतं, मित्रांनो. खुणा पाठ होत्या, अरुंद पूल, घसरडा रस्ता, पुढे शाळा, काहीही विचारा. तरी त्या पहिल्या परीक्षेत नापास झाल्या. दुसऱ्यांदाही झाल्या. मास्तरांनी चुकलेले प्रश्न विचारून घेतले आणि ते चक्रावलेच. प्रश्न वेगवेगळे, पण चूक एकच. तीन उत्तरांत कुठेही 'हॉर्न वाजवीन' असं दिसलं की वहिनींचं बोट तिथेच जाई. पुढे शाळा आहे? हॉर्न वाजवीन. म्हातारा माणूस रस्ता ओलांडतोय? हॉर्न वाजवीन. हॉस्पिटलसमोरच्या शांत रस्त्यावरही त्यांनी हॉर्नच वाजवला, म्हणजे आपल्याच गिऱ्हाइकाची झोप मोडली.

दुसऱ्यांदा नापास झाल्यावर दादा स्वतः बायकोबरोबर क्लासात आले. अंगाने धिप्पाड, शर्टाला कडक इस्त्री, आवाज खोलीबाहेर जाणारा.

"मास्तर, तुमचं पुस्तकच चुकीचं आहे. हिला मी घरी सगळं शिकवलं होतं."

"तरीच," मास्तर म्हणाले. "बरं, मला सांगा, लाल कडेचा उलटा त्रिकोण दिसला तर काय?"

"असला त्रिकोण आमच्या रस्त्यावर नाहीच."

"आपल्या लाँड्रीच्या कोपऱ्यावर आहे, अहो! 'दुसऱ्याला आधी जाऊ द्या' म्हणणारा!" वहिनी म्हणाल्या. "त्याच्या खांबाला आपली गाडी दोनदा घासली."

"मग तो त्रिकोणच चुकीच्या जागी आहे," दादा म्हणाले आणि खुर्ची ओढून ऐटीत बसले.

मास्तरांनी वाद घातला नाही. त्यांनी लाल मोटार माझ्या एका रस्त्यावर ठेवली आणि प्यादं क्रॉसिंगवर. "वहिनी, पुस्तक विसरा. ही तुमची व्हॅन. समोर माणूस आलाय. काय कराल?"

"सांगेन."

"काय सांगाल?"

"हळू घ्या म्हणेन. माणूस आहे समोर, थांबा."

"कुणाला म्हणाल?"

वहिनींनी दादांकडे पाहिलं. "यांना. आणखी कुणाला?"

मास्तरांनी खिशातून शर्टाचं सुटलेलं एक बटण काढलं आणि मोटारीच्या टपावर ड्रायव्हरच्या बाजूला ठेवलं. "म्हणजे गाडी अजून दादाच चालवतायत. तुम्ही शेजारी बसून परीक्षा देताय. शेजारच्या माणसाच्या पायाशी ब्रेक नसतो, म्हणून तुम्ही प्रत्येक वेळी आवाज देता. हॉर्न म्हणजे तुमचं 'अहो'."

मास्तरांनी ते बटण उचललं.

"आता गाडीत दादा नाहीत. सांगायला कुणी नाही. समोर माणूस आहे. आता?"

वहिनींचं बोट मोटारीवर होतं. माझ्या पाठीवर मला ते लागत होतं. त्यांनी मोटार थोडी पुढे ढकलली आणि प्याद्याच्या अलीकडे थांबवली. मग म्हणाल्या, "ब्रेक दाबते." आणि लगेच त्यांचे डोळे भरून आले. "पण मास्तर, मी यांना गाडीतून उतरवलं की हो!"

"उतरवतेस कसली!" दादा गरजले. "मी कुठे जातोय? आण ते बटण इकडे. मी शेजारी बसतो."

मास्तरांनी बटण त्यांच्या हातावर ठेवलं. दादा खुर्ची सरकवून माझ्यावर वाकले. खोलीत दिवा लागलेला होता. लाल मोटार त्यांच्या नाकासमोर होती. पण त्यांचा हात पडला तो निळ्या ट्रकवर. तिथून तो हवालदाराला पाडून पुढे सरकला. मग बोटं चाचपडू लागली, माझ्या रस्त्यांवरून, फुटपाथवर चढलेल्या क्रॉसिंगवरून. इस्त्रीने भाजून राठ झालेली बोटं ती. वाटेत त्यांना प्यादं लागलं आणि ते आडवं झालं.

टक्, असा एवढासा आवाज झाला.

दादांनी हात मागे घेतला नाही. तसाच माझ्यावर ठेवून बसले. "हा माणूस होता ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो," वहिनी म्हणाल्या.

"क्रॉसिंगवरच होता?"

"क्रॉसिंगवरच."

दादांनी पॅन्टच्या खिशात हात घातला. व्हॅनची किल्ली काढली आणि त्या प्याद्याशेजारी, माझ्या मधोमध ठेवली.

"अहो, पण मी अजून पास कुठे झालेय!"

"ते तू बघ. मी आता काही बघू शकत नाही." मग उगाच आवाज चढवून म्हणाले, "आणि मास्तर, तो त्रिकोण खरंच चुकीच्या जागी आहे."

पुढची परीक्षा होईपर्यंत किल्ली माझ्यावरच राहिली. दादांनी ती घरी नेऊ दिली नाही. म्हणाले, घरी असली की हात जातो. त्या आठवड्यात हॉस्पिटलच्या चादरी हातगाडीवरून गेल्या. दादा ढकलत, वहिनी पुढे चालत आणि पूर्वीसारख्याच सांगत. हॉस्पिटलच्या नर्सबाई उशिरासाठी बोलल्या, तेही दोघांनी ऐकून घेतलं. संध्याकाळी वहिनी येत आणि मास्तर काही न विचारता प्यादं कुठेही ठेवत, ट्रकमागे, वळणावर, कधी चक्क गाडीपुढे. वहिनींचं बोट थांबे. तोंड मात्र मिटलेलं.

तिसऱ्या परीक्षेला कॉम्प्युटरच्या पडद्यावर 'हॉर्न वाजवीन' आठ-दहा वेळा तरी आलं म्हणे. वहिनी पास झाल्या. आरटीओच्या ऑफिसातून तडक क्लासात आल्या, कच्चं लायसन मास्तरांना दाखवलं आणि मग किल्ली उचलली. ती उचलली तेव्हा मला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. त्या दिवशी व्हॅन निघाली तेव्हा शेजारी मास्तर होते आणि मागे, चादरींच्या गठ्ठ्यांवर, दादा. मला खिडकीतून फक्त आवाज ऐकू आला. दादा मागून ओरडत होते आणि वहिनी त्यांना "गप्प बसा हो" म्हणत होत्या. पुढे पक्कं लायसन आल्यावर मास्तरांनीही आपली जागा दादांना मोकळी करून दिली.

आता क्लास मास्तरांची मुलगी चालवते. प्रश्न मोबाइलवर येतात. मुलं अंगठ्याने उत्तरं देतात आणि आमच्या वेळेपेक्षा लवकर पास होतात, हे मी मान्य करतो. लाल मोटार कुणीतरी नेली. प्यादं कपाटाखाली असावं. मी भिंतीला उभा टेकवलेला आहे, त्यामुळे माझा एक रस्ता आकाशाकडे जातो आणि एक थेट जमिनीत. मास्तर कधीमधी येतात, माझ्यावरची धूळ रुमालाने पुसतात आणि रुमालाकडे बघून तोंड वाकडं करतात. दोन म्हाताऱ्यांत याहून जास्त बोलणं लागत नाही.

मित्रांनो, मला पुन्हा रंगवा असं मी म्हणणार नाही. मागणं एवढंच आहे. तुमच्या घरातही कुणीतरी वर्षानुवर्षं गाडी चालवत असेल आणि हल्ली समोर बघताना डोळे बारीक करत असेल. त्यांची थट्टा करू नका आणि त्यांना सांभाळूनही घेऊ नका; रस्त्यावर आणखीही माणसं असतात. त्यांच्या हातून किल्ली ओढूनही घेऊ नका. चहा झाल्यावर समोर बसा, खरं काय ते बोला आणि किल्ली ठेवायला त्यांच्यापुढे एखादी जागा मोकळी करा. टेबल चालेल, तुमचा तळहात चालेल. ती खाली ठेवायला त्यांना वेळ लागेल. लागू द्या. आणि ठेवली, की त्यांच्यासाठी शेजारची सीट पुसून ठेवा.